'हसा' म्हणणारा आवाज

"मी सुई हातात धरलीच नाय, ताई," गोदी म्हणाली.

वांगणीची ही मुलगी जव्हारच्या एका सौंदर्य दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर सुदर्शननी तिच्यावरच पोलिसांत तक्रार केली होती: आपल्या माघारी तिनं हर्षाली नावाच्या बाईला चेहऱ्यात स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मग दिलं कुणी?" पुष्पलतानं विचारलं. खासगी तपास हा तिचा व्यवसाय. सोबतीला निवृत्त मास्तर तुळशीदासमामा.

"सरांनी. मला म्हणले, तू नुसतं 'हसा' म्हण."

हर्षाली मोखाड्याला शिक्षिका होती. तिनं ओढणी बाजूला केली. डावा गाल मेल्यासारखा लोंबत होता. ओठातून लाळ गळली, ती तिनं घाईनं टिपली.

"हसताना हिरड्या दिसतात म्हणून स्थळ मोडलं. म्हणून गेले. डोळ्यांवर पट्टी होती. आवाज गोदीचाच ऐकला. या गालाला खळी पडायची. हे डॉक्टरांना बोललेही नाही, रडू येतं."

मामांनी मान वळवली, आणि वळवल्याची त्यांना लाज वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी औषधाच्या बाटल्यांच्याच फ्रिजमधून बासुंदी काढली. मामांनी आपली वाटी तशीच परत केली.

"त्या दिवशी मी पाहुण्यांबरोबर शिरपामाळला होतो. बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते तोंड वाकडं झाल्यावर. गोदीशी त्यानंतर बोललोही नाही." त्यांनी चमचा चाटला. "त्यांचा डावा स्नायू जन्मतः दुभागलेला आहे. तिथं ठरलेलं माप चालत नाही. पाड्यावरच्या पोरीला काय कळणार?"

बाहेर येताच मामा पुटपुटले, "गोदीचं कठीण आहे."

"उलट, सुटली ती. दोघींना इथंच बोलवा."

त्या आल्यावर पुष्पलता डॉक्टरांसमोर बसली.

"गाल वर ओढणारा स्नायू काहींचा दुभागलेला असतो. तिथं कातडी आत ओढली जाते, ती खळी. खळी दिसते ती हसताना. इंजेक्शननंतर यांचा गाल हललेलाच नाही. खळीचं यांनी तुम्हाला सांगितलं नाही, गोदीशी तुम्ही बोलला नाहीत. मग स्नायू दुभागलेला आहे हे कळलं कसं?"

डॉक्टरांनी बासुंदीची वाटी बाजूला सारली.

"यांना आधी हसताना पाहिलंत म्हणून. 'हसा' गोदीनं म्हटलं, खळी तुम्ही पाहिलीत आणि तरी तेच ठरलेलं माप टोचलंत. तोंडातून शब्द काढला नाहीत. बिनसलं तर आवाज तिचाच आठवावा म्हणून."

"तीन-चार महिन्यांत उतरेल ते," डॉक्टर म्हणाले. "पुढचं फुकट करून देतो."

हर्षालीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "चल गोदी, तक्रार आता मी देते. आणखी कुणाला टोचलंय यानं?"

"हिराबाई," गोदी हळूच म्हणाली. "पुतळी. हौशी. पाड्यावरच्या बायका. हात बसावा म्हणून फुकट बोलवायचे."

ती नावं घेतच राहिली. मामा उठून बाहेर गेले आणि गटारीपाशी भडाभडा ओकले.