नवरदेवाच्या गळ्यातले देश

“माणूस पाकिटात कुणाचा फोटो ठेवतो ते बघावं, मंजू. त्यावरून त्याचं मन कळतं. देशाचंही तसंच! देश आपल्या जिवाची चित्रं नोटेवर छापतो.”

बाबांचा हा आवाज फार जुना. मंजुश्री तेव्हा पहिलीत होती. बाबा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. पनवेलच्या घरी परतले, की आधी पायातले बूट काढायचे आणि मग शर्टाच्या खिशातून कुठल्याशा लांबच्या देशाची नोट काढून तिच्या तळहातावर ठेवायचे. मग त्या नोटेची गोष्ट. आवाज जरा घोगरा, समुद्राचं मीठ लागल्यासारखा.

आता मंजुश्री आठवीत जाणार होती आणि बाबांना जाऊन दुसरा उन्हाळा आला होता. नोटा तेवढ्या उरल्या होत्या. नोट हातात घेतली, की आवाज यायचा. हातात नोट नसली, की यायचा नाही. तिनं करून पाहिलं होतं, डोळे गच्च मिटून. नुसता पंखा ऐकू यायचा!

म्हणूनच त्या सकाळी पिंपळगाव राजातल्या मामाच्या घरी प्लास्टिकचं पाकीट रिकामं दिसलं, तेव्हा ती ओरडलीच.

“नोटा गेल्या!”

शेजारच्या अंगणातून गोकुळ कुंपणावरून उडी मारूनच आला. आज त्याच्या मोठ्या बहिणीचं, पुष्पांजलीचं लग्न. अंगात कोरा कुर्ता, केसांना चपचपीत तेल. त्याच्या मागून मैत्रीण प्रतीक्षा आली आणि तिच्या ओढणीला धरून गोकुळची धाकटी बहीण छकुली.

“काय झालं वं? काऊन ओरडून राह्यली?” गोकुळनं विचारलं.

“माझ्या नोटा! काल दुपारी तुम्हाला दाखवल्या ना, त्या!”

“तो झाडाले लटकलेला आळशी प्राणी?” प्रतीक्षानं विचारलं. “ज्याले पाहून मी म्हटलं, हा तर आपला गोकुळ्या?”

“तोच! कोस्टा रिकाचा. आणि जपानचा डॉक्टर, झिम्बाब्वेचे दगड, इंडोनेशियाचा गणपती. सगळ्याच गेल्या!”

“चोर!” छकुली आनंदानं ओरडली. घरात चोर येणं तिला लग्नापेक्षाही मोठी गंमत वाटत होती.

मंजुश्रीला मात्र हसू फुटेना. आई दवाखान्यात नर्स. तिला सुट्टी नाही, म्हणून मंजुश्री एकटीच इकडे आलेली. मामा-मामी मायेचे होते. ताटात आधी वाढायचे, कूलर तिच्याकडे वळवायचे. पण या घरात बाबांचं नाव कुणी काढत नसे. कुणी चुकून काढलंच, तर मामी पटकन विचारायची, “आंबा कापू का गं?” आणि पहिल्याच दिवशी गोकुळनं “तुये बाबा काय करतात?” असं विचारलं, तेव्हा मंजुश्री बोलून गेली होती, “जहाजावर असतात.” खरं वाक्य जिभेखाली दगडासारखं पडून राहिलं होतं. ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

“पाह्य इकडं!” प्रतीक्षा पाकिटावर वाकली. “जरीचा धागा चिकटलाय. पिवळा!”

जरीचा धागा या घरात एकाच ठिकाणी सापडे. शालिग्राममामाचं बस स्टँडजवळ बाशिंगं, फेटे आणि हारांचं दुकान होतं. लग्नसराईत दुकानातलं काम घरी यायचं. चौघंही मागच्या खोलीत धावली. तिथं सतरंजीवर जरीची रिळं, लाल गोंडे आणि कात्री पडली होती. मामा दारात बसून फेट्याला तुरा खोचत होता.

“मामा, माझ्या नोटा पाहिल्या का?”

“त्या खेळण्यातल्या?” मामानं मान वर केली नाही. “अवं, हारात लावल्या ना! नवरदेवाचा हार करायचा होता. दहाच्या कोऱ्या नोटा कमी पडल्या, भेटेनात कुठं. मंग त्या दिसल्या. अन् गणपती होता ना एकीवर! म्हटलं, शुभ हाये, मधोमध पदकाच्या जागी लावू. काय झकास दिसते म्हणतो!”

“मामा, त्या खऱ्या आहेत!”

“खऱ्या? गणपतीची नोट खरी असते व्हय? येडी का काय तू! उद्या बाजारातून दुसरं पाकीट आणतो. आता सर, मले फेटा द्यायचा हाये.”

आणि मामा निघूनही गेला.

“घाबरू नको,” प्रतीक्षा म्हणाली. “तुया मामा टाचणी मारत नाई. पंख्यावाणी घडी घालते अन् दोऱ्यानं बांधते. नोट फाटली नसन.”

“पण हार आहे कुठे?”

उत्तर बाहेरूनच आलं. धडाड् धूम, धडाड् धूम! परण्या निघाला होता. मारुतीच्या देवळातून नवरदेव घोड्यावर बसून मांडवाकडे येत होता. वडनेर भोलजीचा कुलदीप, डोक्याला बाशिंग आणि गळ्यात मामाचा हार.

मंजुश्रीनं टाचा उंचावून पाहिलं. दहा-दहाच्या नोटांचे पंखे, त्यांच्यामधून डोकावणारे निळे, हिरवे, तांबूस लांबचे देश. आणि बरोबर छातीवर गणपती. एवढ्या मोठ्या समुद्रावरून ते आले होते आणि आता बँडच्या तालावर हिंदकळत होते, ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुण्यांसारखे. अगदी आपल्यासारखे, असं तिला वाटलं.

“अरे देवा!” गोकुळ दचकला. “ते पाह्य! ते ओवाळून राह्यले!”

नवरदेवाचे मित्र नाचता नाचता रंगात आले होते. खिशातल्या नोटा नवरदेवावरून ओवाळून बँडवाल्यांना देत होते. एकाचा खिसा रिकामा झाला. त्यानं सरळ हारालाच हात घातला, एक नोट ओढली आणि ओवाळून सनईवाल्यापुढे धरली.

सनईवाल्यानं ती उलटी-पालटी केली. “काय भाऊ, नकली नोट देता व्हय?” आणि चुरगाळून टाकून दिली.

एवढ्या पायांमध्ये!

मंजुश्री वाकली आणि घुसली. चपला, बूट, पैंजण, धूळ! “अय पोरी, बाजूले हो!” कुणीतरी ओरडलं. घोडा फुरफुरला. प्रतीक्षानं दोन्ही हात पसरून नाचणाऱ्यांना अडवलं, “काकाजी, खाली पाहा, पोरगी पडली!” आणि तेवढ्यात मंजुश्रीच्या मुठीत तो चुरगाळलेला कागद आला. झिम्बाब्वेची नोट! एकावर एक उभे दगड, आणि एकावर चौदा शून्यं.

गर्दीच्या काठाला येऊन तिनं ती गुडघ्यावर सपाट केली. घोगरा आवाज लगेच आला. ‘हे दगड कुणी रचले नाहीत, मंजू. वाऱ्यापावसानं बाकीचं झिजवलं, हे उरले.’

पण बाकीच्या अजून हारातच होत्या. सांजेला तो हार जीपमध्ये बसून वडनेर भोलजीला जाणार होता.

मुलं नवरदेवाच्या वडिलांकडे, शेषरावांकडे गेली. पांढरी टोपी, मोठा आवाज, हातात थंड सरबताचा पेला.

“काका, हारातल्या थोड्या नोटा—”

“हारातल्या नोटा?” त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या. “सोयऱ्यानं घातलेला मान हाये तो! लगन लागायच्या आधी नवरदेवाच्या गळ्यातून काई काढत नसतेत. जा, आइस्क्रीम खा!”

गोकुळच्या वडिलांना वेळ नव्हता. मामा फेट्यांत बुडाला होता. ज्याला सांगावं तो म्हणे, “उद्या पाहू.” उद्या! उद्यापर्यंत त्या नोटा कोणत्या वाटेवर, कोणाच्या पायाखाली असतील?

मांडवात बाया गात होत्या.

*दारीच्या गं कडुलिंबा, तुझी सावली गं दाट,*
*लेक निघाली पैल गावा, पाहू नको तिची वाट.*

मंजुश्री मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. माणसांनी मांडव फुलला होता आणि तिला वाटत होतं, आपण एखाद्या रिकाम्या बंदरावर उभ्या आहोत. गाणारी बाई थांबली तरी ते ‘पाहू नको वाट’ कानात वाजत राहिलं.

गोकुळ तिच्याकडे बघत होता. मग त्यानं कुर्त्याच्या बाह्या वर केल्या.

“कानपिळी!” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“थांब ना वं! नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळते. अन् तो मांगीन ते त्याले द्या लागते. नाई म्हणता येत नाई!”

“पण तू तर सायकल मागणार होतास!” प्रतीक्षा ओरडली. “साऱ्या गावाले सांगून राह्यला होता सहा महिन्यांपासून! गिअरवाली!”

“त्या सायकलीचा रंगही ठरला होता,” छकुलीनं भर घातली.

गोकुळचे कान लाल झाले, अजून दुसऱ्याचा पिळायच्या आधीच!

लग्न लागलं. अक्षता पडल्या. मग गुरुजींनी हाक दिली, “नवरीचा भाऊ कुठाय?” गोकुळ पुढे झाला आणि त्यानं कुलदीपचा कान असा पिळला, की बाशिंग तिरपं झालं!

“अरे, सोड बे साळ्या! माग काय ते!”

“मले हा हार पाहिजे.”

मांडवात हशा उसळला.

“पाह्य पाह्य, पोरगं कसं हुशार! रोकडाच मागते!”

“लय लोभी निघालं गड्या!”

गोकुळच्या वडिलांची मान खाली गेली. गोकुळ तसाच उभा राहिला, सगळ्यांचं हसू अंगावर घेत. मंजुश्रीला ते पाहवेना. ती पळत पुढे गेली.

“तो लोभी नाही! त्याला सायकल हवी होती. हार माझ्यासाठी मागितलाय!”

कुलदीपनं हार काढला होता. शेषराव पुढे आले. “तुयासाठी? काऊन?”

मग तिला नोटांचं सांगावंच लागलं. मामा गर्दीत कुठेतरी होता, तिनं बघितलंही नाही. तिनं हारातली मधली गाठ हळूच सोडली आणि नोट उघडून धरली.

“हा गणपती इंडोनेशियाचा आहे. तिथं बहुतेक लोक मुसलमान आहेत. तरी त्यांनी जुन्या काळापासूनचा हा विद्येचा देव नोटेवर ठेवला. शेजारी हे गृहस्थ आहेत ना, त्यांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. म्हणून मागे हा मुलांचा वर्ग.”

“अन् हे कोण?” पहिल्या ओळीतल्या एका म्हातारीनं विचारलं.

“जपानचे डॉक्टर. लहानपणी चुलीत पडून यांचा हात भाजला. आई शेतात राबली. ते पुढे जंतूंवर संशोधन करायला लागले. ही झिम्बाब्वेची. एवढी शून्यं आहेत, पण तिथं महागाईच इतकी झाली, की हिच्यात बाजाराची पिशवी भरत नव्हती. आणि हा कोस्टा रिकाचा प्राणी. इतका संथ चालतो, की त्याच्या अंगावर शेवाळ वाढतं.”

“गोकुळ्या!” प्रतीक्षा कुजबुजली आणि या वेळी गोकुळही हसला.

मांडवात कुणीच उठून गेलं नाही. सनईवाला डोकं खाजवत म्हणाला, “मले का माहीत, बाई? मी तर नकली समजलो.”

“मीही,” मामाचा आवाज आला. तो पुढे आला, हातात कात्री तशीच. जमिनीवर बसून त्यानं एकेक दोरा सोडवला, जणू नोटांना लागेल अशा बेतानं. डोळे वर उचलत नव्हता. “मी इचारलंच नाई तुले, मंजू. इचारायले पाहिजे होतं.”

शेषरावांनी टोपी सरळ केली. “गोकुळ, लेका! आमी तुले लोभी म्हटलं. सोयरा असावा तर असा! दहाच्या नोटांचा हार पुन्हा बांधा, सायकलीचं मी पाह्यतो. अन् पोरी, तू वडनेरले ये. आमच्या शाळेतल्या पोरांले हे सांग. मास्तरही बसतीन ऐकायले!”

उन्हं उतरली. पुष्पांजली जीपमध्ये बसून गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत गोकुळ रस्त्याकडे बघत राहिला. मांडवात आता उलट्या खुर्च्या आणि तुडवलेली फुलं. चौघं ओसरीवर बसली होती. नोटांच्या घड्या मोडण्यासाठी मामीनं त्यांच्यावर पितळी परात ठेवली होती. आज आंब्याचं काही तिनं विचारलं नाही.

“माही ताई गेली,” गोकुळ मध्येच म्हणाला. “घरात लय शांत होईन आता.”

छकुलीला गप्प बसवेना.

“मंजूताई, तुये बाबा कवा येतीन वं? येताना हत्तीची नोट आणतीन?”

“छकुले! गप बस!” गोकुळ तिच्यावर ओरडला. फारच घाईनं ओरडला.

मंजुश्रीनं त्याच्याकडे बघितलं. मग प्रतीक्षाकडे. प्रतीक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

गोकुळ पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरू लागला. “मागून कळलं मले, साऱ्या गल्लीले माहीत हाये. पण तू म्हटलं ना, जहाजावर असतात... म्हटलं, जवा सांगायचं तवा तूच सांगशीन.”

मंजुश्रीचे हात मोकळेच होते. तिनं परातीखालून नोट काढली नाही. छकुलीला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरची बट बाजूला केली.

“नाही येणार, छकुली,” ती म्हणाली. “माझे बाबा वारले.”