एक थाप, दोन थापा

शेगडी थोडी इकडं सरकवा आणि ते मोबाईल ठेवा खिशात. आधी एक कबूल करा पोरांनो, ही गोष्ट मोतीलालसमोर काढायची नाही. तो बैठकीतून उठून जातो. लाखांदूरचा पन्नाशीचा ढिवर, रात्री-अपरात्री तलावावर एकटा जाळं टाकणारा गडी. भीती म्हणून त्याला ठाऊक नव्हती. पण दोन हजार चोवीसच्या डिसेंबरची तीन तारीख, मंगळवारची रात्र... ती त्याला पुरून उरली.

त्याची होडी, तो जुना डोंगा, कुजून गेला होता आणि रविवारी तलावाची मासेमारी सुरू व्हायची होती. स्वतःचा डोंगा नाही म्हणजे दुसऱ्याच्या डोंग्यात मजूर म्हणून बसायचं. मोतीलालला ते मरणाहून वाईट वाटे. नवा परवडत नव्हता. शेवटी नाकाडोंगरीत एक जुना डोंगा स्वस्तात असल्याचं कळलं. पण नाकाडोंगरी जिल्ह्याच्या त्या टोकाला, लाखांदूर या टोकाला, आणि बारा फुटांचं लाकडी धूड काही एसटीच्या टपावर जात नाही. गाडीवाले तर डोंग्याइतकंच भाडं सांगत. मोतीलाल पक्का चिक्कू. त्यानं शोध-शोध शोधून वापसीची गाडी गाठली. गावातलाच भूपेश पिकअपनं तुमसरला तांदूळ पोचवायचा आणि मोकळा परतायचा. डिझेलपुरते पैसे दे, म्हणाला.

डोंगा विकणारी चंद्रभागाबाई. तिचा नवरा सुखराम तीन वर्षांपूर्वी बावनथडीच्या पुरात गेला. डोंगा दोन गावं खाली काठाला लागला. सुखराम सापडला नाही, त्याचं वल्हंही नाही. अशा माणसाचा डोंगा घरचे अंगणात पालथा घालून ठेवतात. पालथा डोंगा म्हणजे वाट पाहणं चालू आहे. ज्या दिवशी तो सुलटा करतात, त्या दिवशी वाट पाहणं संपलं. चंद्रभागाबाईनं तो त्याच सकाळी सुलटा केला होता. डोळे रडून सुजले होते.

"आता माह्यानं पाहणं होत नाही, भाऊ," ती म्हणाली. "ने. पन याले पालथा करू नको. घडीभरही नको."

"नाही करत, बाई. मले का समजत नाही?" मोतीलाल म्हणाला.

ट्रॅक्टरवाल्यानं डोंगा तुमसरला आणून टाकला. पाहतो तर भूपेशची गाडी मोकळी नाही. दोन्ही बाजूंना गुरांच्या ढेपीची पोती, मधे माणूस आडवा होईल एवढीच गल्ली.

"काका, सुलटा नाही बसत," भूपेश म्हणाला. "पालथा टाकू, पोत्यांवर छपरासारखा बसते. नाही तं दुसरी गाडी पाहा."

दुसरी गाडी म्हणजे तिप्पट भाडं. मोतीलालनं डोकं खाजवलं. तीन-चार तासांचा तर प्रश्न, कोण पाहतंय... आणि सगळं ठाऊक असताना त्यानं स्वतःच्या हातानं डोंगा पालथा केला.

केबिनमध्ये भूपेशची बायको रंजू आणि सासू बसलेल्या. मोतीलाल म्हणाला, मी मागे गल्लीत झोपतो, वरून डोंगा आहेच, थंडी लागणार नाही. भूपेशनं दोरानं डोंगा घट्ट आवळला, फाळका लावून बाहेरून कडी घातली.

"काका, काही लागलं तं बॉडीले थाप मारजा. एक थाप म्हनजे थांब. दोन थापा म्हनजे चाल."

साडेआठला गाडी निघाली. मोतीलालचा मोबाईल चार्जिंगला केबिनमध्येच राहिला. थोड्या वेळानं मोतीलालला डुलकी लागली.

जाग आली ती एकोडीच्या आसपास. कपाळावर थेंब पडला होता. थंड. मग दुसरा. पाऊस नव्हता, आभाळ कोरडं होतं. त्यानं हात वर करून डोंग्याचं लाकूड चाचपलं. तीन वर्षं अंगणात वाळलेलं लाकूड... आतून ओलं होतं.

मग वास आला. पूर ओसरल्यावर गाळाला येतो तो.

त्यानं पाय पसरले. चढताना पायाकडे हातभर जागा होती. आता नव्हती. टाच कशाला तरी लागली. पोतं नव्हतं. पोतं खरखरीत असतं. हे मऊ होतं... आणि ओलं.

त्यानं पाय पोटाशी घेतला. भिऊन नाही, असं आधी तो सांगायचा. आता तेही सांगत नाही. भ्यायलाच होता, आणि का भिऊ नये? वर डोंगा, दोन्हीकडे पोती, मागे कडी. कुशीवर वळायलासुद्धा जागा नाही.

त्यानं बॉडीवर एक थाप मारली.

धप्प.

आणि त्याच्या पायाकडून... लगेच दुसरी.

धप्प.

गाडीनं वेग घेतला.

मोतीलाल मनाशी म्हणाला, पोतं आपटलं असेल. थांबला. दहा मोजले. पुन्हा एकच थाप मारली.

पायाकडून दुसरी आली.

गाडी चालतच राहिली.

मग तो ओरडला. "भूपेश! ये भूपेश! थांबव नं गाडी!" पण पुढं इंजिन, आणि रंजूच्या आईसाठी लावलेली भजनं. आवाज डोंग्याच्या पोटातच फिरत राहिला. त्यानं सपासप थापा मारल्या. प्रत्येक थापेला जोडीची थाप. सावकाश. बरोबर मोजून.

साकोली गेली. दिव्यांचा उजेड फटीतून क्षणभर आत आला. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. पाहायचं नव्हतं.

पुन्हा अंधार.

"कोन... कोन हाय?"

कपाळावर आणखी एक थेंब पडला.

"सुखरामभाऊ?"

थेंब पडायचे थांबले.

"भाऊ, चुकलो मी. पैशाच्या लोभानं पालथा केला. उतरल्याबरोबर सुलटा करतो. लेकराची आन."

मग छातीवर काहीतरी आडवं येऊन टेकलं. लांब. जड. ओलं. सदरा भिजून पाणी पाठीखाली गेलं. मोतीलालनं हात हलवला नाही. श्वाससुद्धा अर्धाच घेतला. लाखांदूर येईपर्यंत... तसाच.

पाऊण वाजता भूपेशनं कडी काढली. "काका, रस्ताभर दोन-दोन थापा कायले मारत होते? मी तं चालवूनच राहिलो होतो नं..." आणि त्यानं बॅटरी आत मारली.

गल्लीत मोतीलाल एकटाच होता, भिजून चिंब. छातीवर आडवं एक वल्हं. शेवाळलेलं, गाळानं काळं पडलेलं.

मोतीलालनं घरी जाण्याआधी डोंगा उतरवला आणि सुलटा केला. उजाडताच चंद्रभागाबाईला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं. एकच विचारलं.

"मुठीजवळ तांब्याची तार गुंडाळली हाय का?"

होती.

बाई दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली. डोंग्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. वल्हं घेतलं, पदरानं पुसलं, लेकराला घ्यावं तसं कवेत धरलं. मोतीलाल पैसे परत द्यायला लागला, तर म्हणाली, "ठेव, भाऊ. डोंगा तुहा. मासे धर." त्या रविवारी त्यानं त्याच डोंग्यातून जाळं टाकलं. अजूनही टाकतो.

पण मला सांगायचं ते बसस्टँडवरचं. बाई परतीच्या गाडीत बसली, वल्हं मांडीवर. मोतीलाल खिडकीपाशी उभा. कंडक्टर आला, कुठं जायचं एवढंच विचारून मशीनमधून दोन तिकिटं काढली आणि पैसे मागितले. एक अर्धं. बायांना अर्धं असतंच. आणि एक पूर्ण.

मोतीलाल खिडकीतून म्हणाला, "साहेब, वल्ह्याचं पूर्ण तिकीट काहून?"

"वल्ह्याचं कायले?" कंडक्टर म्हणाला. "या मामांचं. ते का फुकट येतीन?" आणि पुढच्या सीटकडे गेला.

बाजूची जागा रिकामी होती.

चंद्रभागाबाईनं पैसे दिले. खिडकीकडे थोडी सरकून बसली. अर्धं तिकीट हातात ठेवलं, आणि पूर्ण तिकीट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.