कूलरची लाइन

ज्या कुणी त्या पोराच्या कानात घातलं की तुझा बाप तुझ्यावर कोपला आहे, त्याने एक जिवंत माणूस मारायला घेतला होता. कोण ते मला माहीत नाही. तेरवीच्या पंगतीतला कुणी शेजारी असेल, कुणी नात्यातला असेल. बोलला असेल, हात धुऊन घरी गेला असेल. पुढचं वर्ष मोहितने त्या एका वाक्याच्या आत काढलं.

मी त्यांच्या घरी गेले ते एका साध्या कामासाठी. मोहितचा कॉम्प्युटर गेम खेळताना बंद पडायचा. आमच्या रविवारच्या कॉम्प्युटरच्या वर्गात तो माझ्याकडे शिकायला यायचा, मग यायचा थांबला, मग परीक्षेलाही बसला नाही. शेवटी त्याच्या आईचा, शामलाकाकूंचा फोन आला.

"मुग्धा, तू येऊन पाहून जाय ना वं. पोरगं दिवसभर त्या डब्यासमोर बसून राहते. तो बंद पडते, हा चालू करते. काही म्हटलं का म्हणते, बाबा करून राहिले."

वसंतकाका मागच्या उन्हाळ्यात शॉक लागून गेले होते. कूलरमध्ये पाणी टाकताना.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला होता. भर दुपारी नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. तोंडाला ओढणी बांधून मी त्यांचा जिना चढले तेव्हा लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. तळमजल्यावर घरमालक भैयाजी राहतात, म्हातारे, गुडघ्यांनी अधू. जिन्याखालीच सगळ्या घरांचे मीटर आहेत आणि मीटरला लागूनच त्यांची खाट. ते डोळे मिटून पडले होते. मी हाक न मारता वर गेले.

पुढच्या खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. खिडकीतल्या कूलरवर जुनी चादर टाकून सुतळीने आवळून बांधली होती. खिडकीबाहेर गॅलरी होती, तिला स्वयंपाकघरातूनही दार. त्याच्या शेजारी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. खुशी, मोहितची धाकटी बहीण, फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"काकू, कूलर काहून नाही लावत? मुलगी भाजून निघाली."

"मिस्त्रीनं पाहिला, मोटर बदलून देल्ली. पण हात नाही होत वं माय लावाले."

मी कामाला लागले. नागपुरात मे महिन्यात कॉम्प्युटर बंद पडला की पहिला संशय उष्णतेवर. झाकण काढलं, धूळ झाडली, प्रोसेसरचं तापमान बघितलं. ठीक होतं. रॅमच्या पट्ट्या एकेक काढून लावल्या. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नव्याने टाकला. मोहित शेजारी बसून सगळं बघत होता, डॉक्टरवर विश्वास न उरलेल्या पेशंटसारखा.

"ताई, अभ्यास करताना कधीच नाही बंद पडत," तो म्हणाला. "गेम लावला का पडते. त्या दिवशी हाच गेम चालू होता."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

त्याने कूलरकडे न बघता हात केला.

"ही कूलरची वेगळी लाइन आहे. बाबांनी खालच्या मीटरपासून ओढली होती. बटन खालीच आहे. पाणी टाकायच्या आधी ते गॅलरीतून आवाज द्यायचे, भैयाजी, बटन पाडा. लाइन बंद झाली का मग पाणी. रोजचं होतं ते. मी कॉम्प्युटर याच बोर्डावर लावला, तं रोज माझा गेम बंद पडायचा. त्या दिवशी मॅच चालू होती. मी म्हटलं, बाबा, आज नका ना बटन पाडू..."

खुशीचा खडू थांबला. आत काकूंच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

"आणि त्यांनी ऐकलं," मोहित म्हणाला. "आता ते पाडून राहिले. ज्या दिवशी माफ करतील, त्या दिवशी गेम बंद पडणार नाही. म्हणून रोज लावून पाहतो."

माझं डोकं सणकलं. त्याच्यावर नाही. त्याला हे शिकवणाऱ्यावर. मी म्हटलं, "मोहित, यंत्राला माफी कळत नाही. दोष असतो, तो सापडतो. मी आज शोधून काढते. सापडला तर वर्गात यायचं, परीक्षेचा फॉर्म भरायचा. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. पण आवाजात काही नव्हतं.

गेम लावला. सैनिक धावू लागले, तापमान चढलं आणि एका जागी स्थिर राहिलं. तेवढ्यात मला वास आला. ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडल्यावर येतो तो, गार, मातकट. मी कूलरकडे पाहिलं. चादर कोरडी होती, सुतळीवर धूळ होती.

"आला ना वास?" मोहित हळूच म्हणाला. "आता पडन."

आणि स्क्रीन काळी झाली.

वर पंखा फिरतच होता. पण टेबलावरचा मॉनिटरचा दिवा गेला होता, स्पीकरचाही, बोर्डाचाही. मी जवळजवळ ओरडलेच, "कॉम्प्युटर नाही, लाइन जाते आहे!" थोड्या वेळाने बोर्डाचा लाल दिवा आपला आपण लागला. सुटलेला एखादा जोड, मी ठरवून टाकलं. वासाचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायचं नव्हतं.

मोहितला मी बर्डीच्या बाजारात पिटाळलं, नवा पॉवर सप्लाय आणायला. पॉवर सप्लाय आणि लाइन, दोन्ही शंका एकदमच संपवायच्या होत्या. खरं म्हणजे त्याला थोडा वेळ त्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. तो गेल्यावर स्वयंपाकघरातून मिक्सरचा लांब वायरचा जोडबोर्ड ओढला आणि कॉम्प्युटर, मॉनिटर आतल्या लाइनीवर लावले. आता पुरावा हवा होता. कूलर त्याच्या लाइनीवर लावायचा, गेम चालू ठेवायचा. कूलर थांबला आणि गेम चालू राहिला, की दोष लाइनीचा. मोहित परत आला की त्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं.

मी चादरीची सुतळी कापली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नको वं... राहू दे तो..."

"काकू, मोटर नवी आहे ना? भीती अशीच ठेवली तर मोठीच होत जाते."

टेस्टर माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही.

कूलर घरघरत सुरू झाला. कोरड्या ताट्यांमधून धुळीचा लोट आला, मग नुसती गरम हवा. खुशीने टाळी वाजवली आणि उठून आत पळाली. मी स्क्रीनकडे वळले. गेम चालू होता. मी वाट बघत होते. इतकी, की दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पुन्हा तो वास आला. या वेळी दाट, जणू कुणीतरी ओलं अंग घेऊन माझ्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभं राहिलं.

खट्... कूलरचा पंखा मंदावला आणि थांबला.

गेम चालूच होता.

"सापडला!" मी म्हणाले. "काकू, बघा, सापडला दोष!"

कूलरची घरघर थांबल्यामुळे आता मला पाण्याचा आवाज ऐकू आला. बारीक धार, पत्र्यावर पडणारी. मी गॅलरीत धावले.

कूलरच्या मागे खुशी टाचा उंचावून उभी होती. पाय अनवाणी, ओले. एका हातात पाण्याचा छोटा पितळी गुंड, दुसरा हात पंजा पसरून कूलरच्या पत्र्यावर टेकलेला.

"मी भरून राहिले, ताई," ती म्हणाली. "बाबांसारखं."

मी तिला उचलून आत फेकलंच म्हणा. काकूंनी तिला कुशीत ओढलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मी कठड्यावरून वाकले. खाली मीटरजवळ भैयाजी उभे होते, एक हात बटनावर, मान खालीच.

"झालं का गा पाणी टाकून?" ते म्हणाले. "करू का चालू?"

"भैयाजी, थांबा... मी सांगते तेव्हाच करा. आणि लगेच बंद करा."

आता मी टेस्टर काढला. खुशीचा पंजा जिथे होता तिथे पत्र्यावर तिच्या ओल्या बोटांचे ठसे अजून होते. त्यांच्या शेजारी मी टोक टेकवलं. "करा!"

टेस्टरचा दिवा भक्कन पेटला.

"बंद! बंद करा!"

खट्. दिवा गेला. मी पुन्हा कठड्यावरून वाकले.

"भैयाजी... मघाशी बटन का पाडलं तुम्ही? कोणी सांगितलं?"

"कोनं म्हंजे?" त्यांनी आता वर पाहिलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून. "तू कोन वं? मोहितनं सांगतलं ना. दुपारचा रोजच आवाज देते तो गॅलरीतून... भैयाजी, बटन पाडा, पाणी टाकतो. मी पाडतो, जराशानं चालू करून देतो. मले कुठं जिना चढता येते पाहाले."

माझ्या खिशातला फोन थरथरला, मी काढून पाहिला. मोहितचा निरोप होता. बर्डीच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवलेल्या दोन खोक्यांचा फोटो, आणि खाली, 'ताई, यातला कोणता घेऊ?'

मी फोन पालथा ठेवला. आत गेम अजून चालूच होता.

खाली भैयाजी बटनावरचा हात काढून खाटेकडे वळले. जाता जाता म्हणाले, "पोराचा आवाज कसा हुबेहूब बापावर गेला वं. अन् आज तं... लयच घाबरून ओरडला बिचारा."