झाकायचा राहिलेला आरसा

२०१३ सालची गोष्ट. ब्रेशिया शहरात झाम्फिरा एका इटालियन म्हातारीला सांभाळत होती. दुपारी म्हातारी निजली, की ती स्वयंपाकघरात बसून फोन उघडायची. दूर रोमानियात, बुकोविनातल्या तिच्या घरी, नवऱ्याने, तोआदेरने, मागच्या खोलीतला संगणक कायम चालू ठेवला होता. त्यात साठवलेलं सगळं तिला इथे फोनवर दिसायचं. लग्नाची चित्रफीत, त्याचं अकॉर्डियन वाजवणं. "इटलीवाल्या बाईसाहेब," तो चिडवायचा, "तुम्ही घर सोडलंत, पण घर काही तुम्हाला सोडत नाही."

त्या हिवाळ्यात तो अचानक गेला.

झाम्फिरा मातीला पोचली, तेव्हा शेजारची सावेता मावशी आरसे झाकत होती. मेलेल्याने आरशात स्वतःला पाहिलं तर तो तिथेच अडकतो, असं तिकडे मानतात. मावशी संगणकाकडे वळली तशी झाम्फिराने तिचा हात धरला.

"त्यावर कापड नको, मावशी. तापून बंद पडेल. मग त्याचा आवाज मी कुठून आणू?"

"काळी काच आहे ती, पोरी. तोही आरसाच की." पण मावशीने ताणलं नाही.

ब्रेशियाला परतल्यावर तिने लग्नाची फीत लावली. फेर धरलेला होता. तोआदेर नेहमी मधोमध असायचा. आज कडेला उभा होता. आपलंच चुकत असेल, असं तिला वाटलं. पुढे तो फेराबाहेर आला. मागे सगळे तरणेताठे नाचत होते आणि याचे केस पिकलेले. अंगात तपकिरी कोट, पुरताना घातलेला.

मग एका दुपारी वाजंत्री थांबली. नाच चालूच होता. त्याने तळवा काचेवर टेकवला.

"झाम्फिरा, दार कुठंय गं?"

तिने रडत मावशीला फोन केला. पाहिलेलं सगळं सांगितलं.

"झाकायची वेळ गेली, पोरी. आता बंदच करायला हवा."

"बंद नको. नुसता झाक."

"अगं, तो आत आहे."

"झाक, मावशी."

मावशीने तिच्या घरी जाऊन संगणकावर झाम्फिराच्या माहेरचं, लाल काठाचं विणलेलं कापड टाकलं.

फोनवरची फीत गेली. पडदाभर विणीचे पांढरे धागे आले, लाल काठ, पलीकडून झिरपणारा उजेड.

ते कापड आतून दिसत होतं.

मधोमध ते जरासं आत ओढलं गेलं. मग सुटलं.

इटालियन म्हातारी त्यानंतरच्या उन्हाळ्यात झोपेत गेली. सावेता मावशी पुढच्या थंडीत वारली. स्वतःच्या घरातले आरसे तिने आधीच झाकून ठेवले होते. झाम्फिरा गावी परतली. तोवर संगणक आपोआप बंद पडला होता. तो तिने भंगारात दिला आणि फोन नदीत टाकला. कापड मात्र टाकवलं नाही. दरवर्षी ती ते पेटीतून काढते, उन्हात घालते. वर्षभर कोरड्या पेटीत असूनही मधोमध एका जागी, तोंडाएवढं, ते ओलं असतं.

आणि कोमट.