कुलूप न लावलेली खोली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. देशभरातला रेल्वेचा संप विसाव्या दिवशी मोडला, आणि साहेबांनी माझ्या हातात नव्या कुलपांचं खोकं दिलं. संपकऱ्यांच्या खोल्या पोलिसांनी रिकाम्या करून घेतल्या होत्या. त्यांना कुलपं बसवायची. मी वर्कशॉपमधला सुतार. बाराव्या दिवशीच माफीनाम्यावर सही करून परतलेला. नाही म्हणायला तोंड कुठलं?

दुपार कलली होती. एरवी नळावर भांडणं चालायची त्या वसाहतीत आता माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागे येत होता. शेवटची खोली ड्रायव्हरची. माझा शेजारी, मी त्याला दादा म्हणायचो. तो तुरुंगात होता. वहिनींना आठवा महिना. सामानासकट बाहेर काढलं तेव्हा त्या तीन दिवस स्टेशनच्या बाकावर राहिल्या. चौथ्या दिवशी गेल्या, पोटातल्या जिवासकट. स्मशानापर्यंत पोहोचवायला मी गेलो होतो.

कोयंड्याचा पहिला स्क्रू पिळला आणि आतून रॉकेलचा वास आला. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज.

"कोण... भाऊजी का?"

"हो... वहिनी."

"हे सुटले?"

"अजून नाही..."

"मग कुलूप नका लावू. आले तर कुठे जातील?"

पळावंसं वाटलं, पण पळवेना. बायकोपाशीही न बोललेलं तोंडून निघून गेलं. "वहिनी, मी सही केली. पोरींचे चेहरे बघवेनात म्हणून केली..."

मग अगदी हळू आवाज आला,

"जेवलात का?"

मी उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडलो. शेवटी धीर करून आत डोकावलो, तर नुसत्या चार भिंती. साहेबांना सांगितलं, सगळी कुलपं बसली.

आठ महिन्यांनी दादा सुटला आणि माझ्या दारात उभा राहिला. वहिनींचं त्याला कुणी कळवलं होतं की नाही, देव जाणे. मला तर पत्र लिहायचा धीर झाला नव्हता.

"दादा, वहिनी..."

"घरूनच येतोय," तो थकून हसला. "तुझ्यावर राग नाही म्हणाली. आधी भाऊजींना भेटून या म्हणाली. हळू बोल रे... बाळाला आत्ताच खांद्यावरून खाली ठेवलंय."

बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं वाटून मी त्याला जवळ घेतलं.

त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. अजून कोमट.