माप न सांगितलेला संकल्प

या, असे जवळ सरका. टाळ जरा खाली ठेवा. बुवा यायला अजून अर्धा तास आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. तिच्यात मीठमसाला नाही. चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तयार भाग मोजायच्या खोलीत काढली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, ही माझी भाकरी. वाढवून सांगायची सवयच नाही.

माझी थोरली बहीण आक्काबाई मोशीत राहते. भावजींचा ऊस होता तिथं आता अकरा मजले उभे आहेत, त्यातल्या सातव्यावर. चार वर्षांपूर्वी तिला विसरायचा आजार जडला. आधी डबे विसरली, मग रस्ते, मग पोटचा मुलगा. तिला न्हाऊ घालायची, भरवायची, कपडे बदलायची ती सून रुपाली. मुलगा शेखर आईच्या दारात उभा राहून "काय म्हणते?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत निघून जायचा. तेवढ्यावर लोक त्याला श्रावणबाळ म्हणत.

रुपाली वाळत चालली, तेव्हा या श्रावणबाळानं काय आणावं? मदतीला बाई नाही. खेळ! त्याच्या कंपनीची योजना होती. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्याचं मन म्हणे व्यायामाच्या खेळानं ताजंतवानं राहतं. टीव्हीवर बोटभर कॅमेरा चिकटवायचा आणि समोर उभं राहायचं. पडद्यावरची हिरवी बाई आपल्यासारखे हातपाय हलवते, वरून पडणारी फळं झेलते.

बसवायला उत्कर्षा नावाची अधिकारी आली. बूट घालून थेट देवघरापर्यंत.

"मॅम, रोज वीस मिनिटं. फक्त स्वतःसाठी."

"आणि तेवढा वेळ आत्याबाईंना कोण बघणार?" रुपालीनं विचारलं.

उत्कर्षानं हातातल्या टॅबमध्ये पाहिलं. तो प्रश्न त्यात नसावा.

"अगं, फुकट आहे, कर की," शेखर म्हणाला.

पोरीनं केलं. चार दिवसांनी मला म्हणाली, "मामा, त्या आत ओल्या बसलेल्या आणि मी इथं फळं झेलते. पाप वाटतं हो."

मग मी शहाणपणा केला. आमच्याकडं सुना सासूच्या नावानं उपास धरतात, प्रदक्षिणा घालतात. म्हटलं, "पळीभर पाणी सोड आणि या व्यायामाचं फळ त्यांच्या नावानं कर." ती हसली, किती दिवसांनी! देवघरासमोर तळहातावरून पाणी सोडलं आणि म्हणाली, "माझं जे जे होईल, ते आत्याबाईंचं."

किती, कुठवर, ते बोलली नाही. जन्मभर मापं घेतलेला मी शेजारीच बसलो होतो. मीही विचारलं नाही.

रोज दुपारी चारला मी जायचो. आठवड्यानं पडद्यावर हिरव्या बाईमागं एक करडी बाई दिसू लागली. खुर्चीत बसलेली.

आक्का आतल्या खोलीत होती. मधे भिंत, दार लोटलेलं. मी टेप लावून मोजलं. कॅमेऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं.

उत्कर्षाला फोन केला. "सर, काचेतलं प्रतिबिंब असेल. पडदे लावा." लावले. करडी बाई तिथंच.

पंधराव्या दिवशी ती उठून उभी होती. त्याच वेळी आतून हाक आली, "हिंदू, आलास व्हय? च्या घेतलास का न्हाई?"

दोन वर्षांनी माझं नाव, लहानपणापासून ती हाक मारायची तेच! मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडलो. देवळात पेढे वाटले. त्या संध्याकाळी रुपालीनं चहात मीठ घातलं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

मग आक्काला सगळं आठवू लागलं. उसाच्या सऱ्या, कोणत्या साली कोणत्या बुवांचं कीर्तन, शेखरला गोवर निघाला तो वार. आणि रुपालीला वॉचमन वर आणून सोडू लागला, तिला मजला सापडेना म्हणून.

"आई सुधारली, तर हिला आता नखरे सुचतात," शेखर म्हणाला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पळी-पंचपात्र घेऊन मी रुपालीसमोर बसलो. "पोरी, म्हण, एवढं पुरे. दिलेलं थांबव."

तिनं पळी उलटसुलट करून पाहिली.

"कुणाला दिलं होतं, मामा?"

मी आत धावलो. "आक्का, तू तरी नको म्हण."

आक्का वाती वळत होती. डोळे लख्ख. "दिल्यालं परत करीत न्हाईत, हिंदू."

चार वाजले. रुपाली सवयीनं पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. हात वर केले.

करडी बाई एकटीच फळं झेलत होती.

खाली अक्षरं आली, 'समोर कोणीही नाही.'

मी टेप लावला. रुपाली कॅमेऱ्यापासून बरोबर सहा फुटांवर होती.

आता खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसते. आक्का तिला भरवते, तोंड पुसते. उत्कर्षा येऊन फोटो काढून गेली. कंपनीच्या फलकावर तो लागलाय, योजना यशस्वी झाली म्हणून. फोटोत आक्का, शेखर आणि एक रिकामी खुर्ची. काढताना रुपाली तीत बसलेली होती, मी समोरच उभा होतो.

मी रोज जपमाळेतला एक मणी त्या पोरीच्या नावानं ओढतो. नाव तळहातावर लिहून ठेवलंय. आधी ते बघावं लागत नव्हतं, कालपासून लागतं.

ते बघा, बुवा आले. वीणा वाजली की हात जोडाल, तेव्हा माझ्या भाचेसुनेची आठवण ठेवा. थांबा, सांगतो... रुपाली. रुपाली. तुम्ही तरी ध्यानात ठेवा.