मधोमध आभाळ असलेला झेंडा

तुम्ही गाडीतून खाली उतरला नाहीत, साहेब. म्हसतळ्याची हद्द तपासायला आलात, काच खाली केलीत, काठावरच्या लाल झेंड्या लांबूनच बघितल्यात आणि ‘सगळं नियमात आहे’ म्हणून गाडी वळवलीत. तुमच्या बुटाला चिखल लागला नाही. पण त्या झेंड्या रोज दुपारी तळ्याच्या दिशेनं चालत होत्या. ते तुमच्या अख्ख्या ऑफिसला कळलं नाही, चार पोरांना कळलं. तेही खेळता खेळता.

खेळ इरमनं काढला होता. मे महिन्याची सुट्टी, कोल्हापूरच्या कडेचं म्हसतळं आणि तिच्या अब्बांचं झेंडे शिवायचं दुकान. तालमीचा असो, मंडळाचा असो, पक्षाचा, देवाचा की दर्ग्याचा, गावातला बहुतेक झेंडा अल्लाउद्दीन टेलरच्या मशीनखालून जायचा. उरलेल्या चिंध्या इरमच्या वाट्याला.

“तळ्याभोवती चार देश,” तिनं जाहीर केलं. “प्रत्येकाचा झेंडा ज्याचा त्यानं करायचा. आणि झेंड्यावर जे काढाल त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ न्हाय सांगितला तर ती चिंधी.”

तिचा धाकटा भाऊ अबुजर यानं बेडकांचा देश घेतला आणि हिरवं कापड उचललं.

“हिरवा नको. लोक भलताच अर्थ काढतील,” इरम म्हणाली.

“मग बेडकाला निळा करू?”

“निळापण घेतलेला हाय.”

“भगवा?”

“भगवा बेडूक कुठं बघितलास रे?” त्यांचा दोस्त ऋतुराज हसत सुटला. त्याच्या स्वतःच्या झेंड्यावर नुसता फुटबॉल होता. अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, “ह्या देशात हरल्यावर मारामारी करायची न्हाय.” तालमी-तालमींच्या फुटबॉल सामन्यांवरून डोकी फुटणाऱ्या कोल्हापुरात असा देश सापडणं अवघड आहे, हे सगळ्यांनीच मान्य केलं.

मोनाचा देश म्हशींचा. काळं कापड, त्यावर दोन पांढरी शिंगं. तिला अर्थ सांगावाच लागला नाही. तिची आत्ती चिमणाबाई तळ्याकाठच्या गोठ्यात म्हशी पाळायची आणि मोना आत्तीकडेच राहायची. रोज दुपारी म्हशी तळ्यात डुंबायच्या. उन्हाळ्यात म्हशीला पाणी मिळालं नाही तर दूध आटतं. तळं गेलं तर म्हशी मोनाच्या मामाकडे गारगोटीला जाणार होत्या आणि त्यांच्याबरोबर तीही. आत्ती हे कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण मोनाच्या शाळेचा दाखला काढायचं तिनं ठरवलं होतं.

तळं जाईल ही भीती उगीच नव्हती. रस्त्याच्या बाजूला पार्किंगसाठी मुरूम टाकायचं काम चालू होतं. मुरूम कुठपर्यंत टाकायचा ते दाखवायला ऑफिसच्या माणसांनी लाल झेंड्या रोवल्या होत्या. झेंड्यांच्या आत तळं, बाहेर पार्किंग. पोरांनीही तीच देशाची हद्द धरली. तिकडच्या हद्दीवर एक बाभूळ होती. ती मोनाच्या देशात, लाल झेंडीच्या आत.

दोन दिवसांनी मोना सकाळी सकाळीच ऋतुराजच्या दारात येऊन उभी राहिली.

“माझा देश परत दे.”

“काय झालं?”

“बाभूळ बाहेर गेल्या. झेंडी आत आल्या. तूच सरकवलीस.”

“जोतिबाची शपथ, मी हात लावला न्हाय. तुझा देश घेऊन मी काय करू? नुसतं शेण हाय तिथं.”

भांडत भांडत दोघं तळ्यावर पोहोचले. इरम आणि अबुजर आधीच तिथं होते. अबुजर ओणवा होऊन जमिनीकडे बघत होता. “आपा, हितं भोक हाय. गोल. काठीएवढं.”

बाभळीच्या पलीकडे ओल्या मातीत खुंटी उपटल्याची भोकं होती. एका ओळीत. त्यांच्यापलीकडची भोकं दिसत नव्हती, कारण तिथं मुरमाचा ताजा ढीग पडला होता.

झेंड्या आधी आत सरकायच्या, मग मुरूम त्यांच्यामागून यायचा. म्हणून झेंड्यांच्या आत कधीच मुरूम दिसत नव्हता. म्हणून सगळं नियमात होतं.

“ह्ये खेळातलं न्हाय,” ऋतुराज हळूच म्हणाला.

झेंड्या कोण हलवतं ते बघायला त्या दुपारी चौघं म्हशींबरोबर पाण्यात उतरले. डोक्यावर जलपर्णीचे झुबके आणि समोर म्हशींच्या पाठी. बाहेर फक्त नाकं. रणरणत्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अबुजरच्या कानाशी एक म्हैस फुरफुरली.

“हिच्या तोंडाचा वास येतोय.”

“तिलापण तुझा येत असणार. गप.”

मोटारसायकल थांबली. उदयसिंह ठेकेदार उतरला. टोपी सावरत काठावर आला, एक एक लाल झेंडी उपटून चार ढांगा आत रोवत गेला. अगदी सहज, गोठ्यातली खुंटी हलवावी तसा. मग बाभळीच्या सावलीत उभं राहून त्यानं फोन लावला.

“उद्या सकाळी जेसीबी पाठवा. गोठ्याकडनं सरळ पाणीच बुजवून घेतो. साहेबांचं काय घेऊन बसलाय? ते झेंड्या बघून सही करत्यात. आधी कुठं होत्या ते त्यांना कुठं आठवतंय?”

मोटारसायकल गेली. मोना पाण्यातच उभी राहिली. तिच्या केसांतली जलपर्णी तिनं काढलीसुद्धा नाही.

चौघं ओल्या कपड्यांनी थेट हद्द तपासणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले. “झेंड्या ऑफिसनं लावल्यात, बाळांनो. झेंड्या खोटं बोलत नाहीत. जा, खेळा.”

बाहेर पायरीवर बसून मोना म्हणाली, “आत्तीनं दुधाच्या किटल्या बांधायला घेतल्यात.”

इरम कितीतरी वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत होती. रस्ता रुंद करताना तिथला कडुलिंब पाडला होता. शाळेची भिंत पाडली होती. अब्बांच्या दुकानाची पायरीही गेली होती. पण रस्त्याच्या अगदी मधोमध एका मंडळाचा झेंडा अजून तसाच होता आणि बस, टेम्पो, सगळे त्याला वळसा घालून जात होते.

“साहेब एक गोष्ट खरी बोलले,” ती म्हणाली. “ह्या गावात माणसाचं कोण ऐकत न्हाय. झेंड्याचं ऐकत्यात.”

अल्लाउद्दीनच्या दुकानात खलबत सुरू झालं. झेंडा मोठा हवा, हे एकदम ठरलं. रंगावर सगळं अडलं. इरम कपाटातलं एक एक कापड काढी आणि बाजूला ठेवी. हा रंग ह्यांचा. तो त्यांचा. ह्या दोन पट्ट्या एकत्र आल्या की अमक्या तालमीचा, आणि मग तमकी तालीम काठ्या घेऊन येणार. झेंडा कुणाचा वाटला की दुसरा कुणीतरी चिडणार. सगळ्या गावात एक रंग मोकळा नव्हता.

“तळ्याचा रंग कुठला?” मोनानं विचारलं.

“निळा,” अबुजर म्हणाला.

“पुस्तकात. आपल्या तळ्याचा?”

मग त्यांना सुचलं. पांढऱ्या मांजरपाटाचं भलंमोठं कापड त्यांनी तळ्यावर नेलं, काळ्या गाळात तुडवून तुडवून मळलं आणि तापल्या दगडांवर पसरलं. वाळल्यावर ते म्हशीच्या पाठीच्या रंगाचं झालं. तो रंग आजवर कुणी मागितला नव्हता.

“आता मधी तळं काढायचं,” ऋतुराज खडू घेऊन सरसावला.

“काढायचं न्हाय,” इरम म्हणाली. “कापायचं.”

तिनं कापडाच्या मधोमध तळ्याच्या आकाराची रेघ मारली. पहिल्यासारखं होतं तसं तळं, बाभळीपर्यंतचं. आणि कात्री चालवली. अल्लाउद्दीन मशीनवरून उठलेच.

“इरम, झेंड्याला भोक? जिंदगीत असलं काम केलं न्हाय मी. फाटका झेंडा शिवायला लोक माझ्याकडं येत्यात.”

“अब्बा, पाण्यात आभाळ दिसतं न्हवं? ह्यातनंबी दिसंल.”

त्यांनी कापड उजेडाकडे धरलं. भोकातून बाहेरचं आभाळ बघितलं. मग त्या भोकाच्या कडेनं दुहेरी शिलाई घालायला बसले. वारा लागला तरी उसवायला नको होतं.

काठी ऋतुराजच्या आज्जाकडून आली. आकारामआज्जा दर चैत्राला सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, पेलत जोतिबाच्या जत्रेला जायचे. “सासनकाठी देवाची. ती मिळायची न्हाय,” ते म्हणाले. “पण उंच वेळू देतो. आणि कसा पेलायचा त्येबी शिकवतो. चौघं हायसा, चार दोऱ्या. कुणी जास्त वढायचं न्हाय. एकानं वढलं की काठी त्येच्याच डोक्यात.”

तांबडं फुटायला बाभळीपाशी झेंडा उभा राहिला. जुन्या हद्दीवर. चौघं चार दोऱ्या धरून मागे रेलले, आज्जांनी बुंध्याशी दगड ठासले. वाऱ्यानं कापड एकदा फडफडलं आणि ताठ झालं.

सूर्य वर आला. काळ्या कापडाच्या मधोमध आधी तांबूस, मग सोनेरी, मग निळं तळं उघडलं. त्यातून एक बगळा उडत गेला. या कडेनं शिरला आणि त्या कडेनं निघाला. चौघांच्या हातातल्या दोऱ्या तशाच राहिल्या. झेंडा त्यांनीच केला होता, त्यातला टाकान् टाका माहीत होता. तरी वरची नजर खाली उतरेना.

जेसीबी आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. ड्रायव्हर नेसरीचा, सम्राट त्याचं नाव. त्यानं वर बघितलं, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चपला काढल्या.

“पावणं, कुणाचा ह्यो झेंडा?” त्यानं आज्जांना विचारलं.

“तळ्याचा,” मोनानं उत्तर दिलं.

“कंची तालीम म्हणायची ही?”

“तालीम न्हाय. तळं.”

सम्राटनं मान हलवली, पण पुन्हा जेसीबीवर चढला नाही. उदयसिंह आला. त्यानं एका तालमीला फोन लावला, मग दुसरीला, मग मंडळांना, मग पक्षांना. सगळीकडून एकच उत्तर आलं. “आमचा न्हाय. पण हात लावू नगा. कुणाचा तरी असणारच.” उदयसिंहच्या कपाळावर घाम आला.

तोवर गर्दी जमली. दूध घालायला निघालेली माणसं थांबली. कुणीतरी नारळ आणला. एका म्हातारीनं वेळूच्या बुंध्याला हळदीकुंकू वाहिलं. एका फकिरानं तिथंच उदबत्ती खोचली. चपलांचा ढीग झाला. आणि जो येई तो मान वर करून त्या भोकातल्या आभाळाकडे बघत राही.

अबुजर इरमला चिकटला. “आपा, ह्ये आपण चिखलात तुडवलेलं कापड हाय न्हवं? मग मलाबी हात जोडावंसं का वाटालंय?”

इरमनं त्याला जवळ ओढलं. तिला थोडी भीतीच वाटली. एवढ्याशा कापडात एवढं बळ असतं, हे दुकानात रोज शिवताना कधी कळलं नव्हतं.

साहेबांची गाडी आली. गर्दीमुळे या खेपेला त्यांना उतरावं लागलं.

“कुणाचा हा झेंडा? कुणी लावला?”

इरम पुढं झाली. “साहेब, एकच विचारते. हा लाल झेंड्यांच्या आत हाय की भाईर? भाईर असंल तर ठेकेदारकाकांच्या जागेत आला. मग त्यांनीच उपटायचा.”

सगळ्यांनी उदयसिंहकडे बघितलं. नारळवाल्यानं बघितलं, म्हातारीनं बघितलं, फकिरानंही.

“मी?” उदयसिंह दोन पावलं मागं सरला. “माझा काय संबंध? ही जागा तळ्याची हाय.”

“मग लाल झेंड्या तिकडं आत कशा?” इरमनं विचारलं.

“चुकून... वाऱ्यानं... थांबा, थांबा.” आणि सगळ्या गर्दीसमोर त्यानं धावत जाऊन एक एक लाल झेंडी उपटली आणि मुरमाच्या ढिगापलीकडे, रस्त्याला लागून रोवत सुटला. त्याला जागा शोधावी लागली नाही. त्याची त्याला पाठ होती. “ही बघा. मूळ हद्द ही. झेंडा तळ्याच्या हद्दीत. साहेब, सांगा की ह्यांना.”

साहेबांनी वर झेंड्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. “बरोबर,” ते घाईनं म्हणाले. “मूळ हद्द हीच आहे. झेंडा तळ्याच्या जागेत आहे. ऑफिसचा याच्याशी संबंध नाही.”

चिमणाबाई दुधाची किटली खाली ठेवून कंबरेवर हात देऊन बघत होती. तिनं म्हशींची दावी सोडली. म्हशी कुणाला न विचारता पाण्यात उतरल्या.

आकारामआज्जांनी चौघांच्या डोक्यावरून हात फिरवला. अल्लाउद्दीन लोकांना भोकाची दुहेरी शिलाई दाखवत होते आणि डोळे पुसत होते. साहेबांनाही हायसं वाटलं. ते हसले, मोनाच्या पाठीवर थोपटलं. “हुशार आहात रे पोरांनो. शाबास. छान झेंडा केलात. या, एक फोटो काढू.”

मोना फोटोला उभी राहिली नाही. ती मुरमाच्या ढिगावर चढली. नव्या लाल झेंड्या तिच्या मागं होत्या, तळं पुढं होतं आणि ती मधोमध सुक्या भरावावर उभी होती.

“शाबासकी ठेवा तुमच्याकडंच, साहेब. हद्द त्या तिकडं हाय, असं आत्ता तुम्ही बोललासा. सगळ्यांनी ऐकलंय. मग मी उभी हाय ती जागा तळ्याची. हितला मुरूम कुणाच्या सहीनं पडला आणि तुम्ही तो कधी उचलणार? जेसीबी हितंच हाय. आमी वाट बगतोय. सांगा.”